अख्खा शर्ट

अर्ज मी भरला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडायला सगळं गाव टपून बसलं होतं, आणि त्यातलं निम्मं तरी माझ्या डोक्यावर फुटायला हवं.

उद्योग कार्यालयाची योजना होती. लांबच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाने गावात राहून धंदा उभा करायचा, सरकार मशिनं देणार, बसायला जागा देणार. अट एकच. पाहणीला अधिकारी आले की त्यांच्या डोळ्यांसमोर एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार करून दाखवायची. जमली तर पुढचं बघू, नाही जमली तर मशिनं गाडीत घालून यादीतल्या पुढच्या माणसाकडे. अर्जात 'अवगत कौशल्य' असा एक रकाना होता. मी झोकात लिहिलं, 'शर्ट शिवणे, बारा वर्षांचा अनुभव.' नवऱ्याने ते वाचलं, पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं आणि सही केली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

आमच्या गावात माणसाला त्याच्या नावाने फारसं कोणी ओळखत नाही. बसने दीड दिवसाच्या अंतरावर शर्टांचा मोठा कारखाना आहे आणि निम्मं गाव तिथे. कोण काय करतो त्यावरून त्याला हाक. माझा नवरा कॉलर. धाकटा दीर बाही. शेजारची मावशी पंधरा वर्षं तिथे राहून आली, ती कफमावशी. एक खिसा आहे, त्याच्या बायकोला बायका खिशीण म्हणतात आणि ती भांडायला उठते. मी कधी कारखान्यात गेले नाही, म्हणून मला तसलं नाव नाही. मी घरी दुरुस्ती करते. लोकांचे कपडे लांडे करायचे, ढिले आवळायचे, फाटलेलं उसवून नीट करायचं. याला कोणी कौशल्य म्हणत नाही, त्यामुळे मीही अर्जात लिहिलं नव्हतं.

माझा हट्ट कशासाठी होता तेही सांगते. नवरा दोन वर्षांतून एकदा घरी येतो, महिना-दीड महिना राहतो. मुलगी सात वर्षांची आहे. बाप आला की पहिले आठ दिवस ती त्याला 'तुम्ही, तुम्ही' करते, पाहुण्यासारखं पाणी नेऊन देते. ती 'तू'वर येऊन त्याच्या पाठीवर चढायला लागते तोवर त्याची बॅग भरायची वेळ होते. मला हे थांबवायचं होतं. योजनेच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं, त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

यंदा कारखाना नवी यंत्रं बसवायला दोन महिने बंद होता, म्हणून सगळेच घरी आले होते. मशिनं सोमवारी आली. दोन साधी, एक कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक, एक काज करायचं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या पोस्टाच्या खोलीत ती मांडली. पाहणी पुढच्या मंगळवारी. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, माणसं नेणाऱ्या मुकादमाची बस कारखान्याकडे निघणार होती. म्हणजे मंगळवारी शर्ट झाला नाही, तर बुधवारी नवरा बसमध्ये.

मला काही काळजी नव्हती. बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

नवरा मशीनवर बसला. पाठ ताठ, पाय पायडलवर, चेहरा असा गंभीर की मलाच जरा लाजल्यासारखं झालं. खडूने त्याने कापडावर रेघ ओढली, माप नाही, काही नाही, नुसता हात फिरवला. कापलं, मध्ये ताठपणासाठी बकरम घातलं, मशीन घरघरलं, टोकं उलटवून काडीने बाहेर काढली, वरून एक टीप मारली. माझा चहा उकळून खाली उतरायच्या आत कॉलर तयार. अशी कॉलर मी जन्मात पाहिली नव्हती. दोन्ही टोकं अशी बरोबर की एकावर एक ठेवली तर केसाचाही फरक नाही.

"वा," मी म्हणाले. "आता पुढचं."

त्याने कॉलर टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली.

"अरे, पुढचं कर ना."

मी नवऱ्याला अरे-तुरे करते. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर अहो म्हणायचे, आता ते नाटकही संपलं.

"पुढचं दुसरा करतो," तो म्हणाला.

"कोण दुसरा?"

"पुढच्या टेबलावरचा."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचे कान लाल झालेले दिसले. बारा वर्षं त्याच्यासमोर कापलेले तुकडे यायचे, तो कॉलर करायचा आणि पुढे सरकवायचा. शर्ट कापतात तो हॉल वेगळा, तिथे यांना जायला बंदी. पूर्ण झालेला शर्ट खोक्यात जायचा तोही भिंतीपलीकडे. माझ्या नवऱ्याला शर्ट येत नव्हता. कॉलर येत होती.

"मग सही कशाला केलीस?"

"तू इतक्या झोकात लिहिलं होतंस," तो म्हणाला. "म्हटलं, बसलो की येईल. रोज शर्टातच असतो की मी."

मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. राग त्याचा आला, कारखान्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दहा वर्षं ज्या माणसाची वाट बघितली, तो तिथे नक्की काय करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. पण पायऱ्यांवर बसून शर्ट होत नाही. मी उठले आणि दिराला बोलवायला गेले.

दीर बोलावल्याबरोबर आला, त्याला कुठेही बोलावलं तरी येतो. कफमावशीने जरा आढेवेढे घेतले. "माझे डोळे गेले गं आता," म्हणत म्हणत ती चष्मा पुसत आली आणि आल्या आल्या मशीनला तेल नाही म्हणून आम्हाला झापलं. बाजूच्या सरळ शिवणी आणि बटणं माझ्याकडे. राहिलं कापायचं. ते कोणालाच येत नव्हतं, म्हणून आम्ही मधल्या अंगाचं कापड अंदाजाने कापलं. हा अंदाज चौघांचा होता आणि चारही वेगळे होते.

पहिला शर्ट मंगळवारी संध्याकाळी झाला. त्याला शर्ट म्हणायचं तर म्हणा. कॉलर गळ्यापेक्षा चार बोटं मोठी, कारण नवऱ्याच्या लाइनवर परदेशातल्या धिप्पाड माणसांचे शर्ट व्हायचे आणि त्याचा हात त्याच एका मापाने वळायचा. कफ मुलीच्या मनगटालाही घट्ट, कारण मावशी लहान मुलांच्या विभागात होती. डावी बाही सुंदर बसली होती. उजवी उलटी लागली होती.

"भाऊजी, हे काय?" मी विचारलं.

"वहिनी, मी फक्त डावी लावतो," दीर म्हणाला. "उजवीला दुसरा माणूस आहे."

मुलगी तो शर्ट अंगात घालून खोलीभर फिरली आणि हसून हसून जमिनीवर बसली. मावशीही हसली, मीही हसले. नवरा हसला नाही. चपला घालून बाहेर पडला. तास-दीड तासाने आला तेव्हा मी विचारलं, कुठे गेला होतास. तो म्हणाला, मुकादमाकडे, बसमध्ये नाव लावून आलो.

"अजून सात दिवस आहेत," मी म्हणाले.

"सात दिवसांत काय होणार? माझा हात दुसरं माप ऐकतच नाही."

"ऐकेल."

"तुला काय जातंय बोलायला!" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "तिथे नवीन पोरांना माझ्याकडे आणून माझी कॉलर दाखवतात. शिका म्हणतात. तिथे मी कोणीतरी आहे. इथे माझी मुलगी माझ्या कामाला हसते."

तो खरं बोलत होता. मी त्याचं ताट वाढलं आणि त्याची बॅग पलंगाखालून ओढली. बॅगेत वरच त्याचा एकुलता एक चांगला शर्ट होता, घडी घातलेला, प्रवासात घालायचा म्हणून दोन वर्षं जपलेला. मापाला चोख बसतो. तो मी बाहेर काढला, ब्लेड घेतलं आणि बाजूची शिवण उसवायला घेतली.

"अगं, काय करतेस?"

"दुरुस्ती," मी म्हणाले.

बुधवारी सकाळपर्यंत त्या शर्टाचे सगळे तुकडे सुटे झाले. पुढचे दोन भाग, पाठ, खांदा, दोन बाह्या, कफ, कॉलर, पट्ट्या. एकेकावर इस्त्री फिरवली आणि पोस्टाच्या लांब टेबलावर मांडले. मला उसवायची सवय आहे. शिवण कुठून सुरू झाली, कुठे संपली, कुठली आधी मारली आणि कुठली तिच्यावरून गेली, हे टाके सुटताना कळत जातं. मी उलट्या क्रमाने गेले, तर शर्ट कसा करायचा ते आपोआप समोर आलं. शेवटी काय सुटलं? खांद्याची शिवण. म्हणजे पहिली तीच मारायची.

नवरा टेबलाशी उभा होता. पाठीच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे येऊन बसते होय माझी कॉलर?"

त्याच्या आवाजात असं काही होतं की माझा कालचा सगळा राग गेला. बारा वर्षांत त्याने हे बघितलं नव्हतं.

पुठ्ठ्यावर आम्ही सगळ्या तुकड्यांचे नमुने कापले. त्यानंतर रोज एक शर्ट. बुधवारच्या शर्टाचा गळा पुढे आला. गुरुवारी उजवी बाही सरळ लागली, पण मुंढ्यात, बाही खांद्याला जोडतात तिथे, चुण्या पडल्या. दिराने समजावलं की बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा जरासा जास्तच असतो, तो ओढून चालत नाही, बोटांनी हळूहळू आत घ्यावा लागतो. डाव्या बाहीची सवय उजवीला लावताना तो जीभ बाहेर काढायचा. मावशीने कफ मोठा केला आणि म्हणाली, "एवढ्या कापडात माझे तीन झाले असते."

नवऱ्याचा हात मात्र खरंच ऐकत नव्हता. पुठ्ठ्याचा नमुना समोर असायचा, तो त्यावरून कापायचा, आणि शिवताना टोकाशी येऊन हात आपसूक पुढे जायचा, मोठ्या मापाच्या जागी जाऊन वळायचा. शुक्रवारी त्याने अकरा कॉलरी फुकट घालवल्या. बारावी उसवून तो पुन्हा बसला. मी म्हणाले, थोडा थांब, दोन घास खा. तो म्हणाला, "आता नाही थांबत." त्याने वळायच्या जागी टाचणी लावली आणि प्रत्येक वेळी ती बोटाला टोचेपर्यंत शिवत गेला. संध्याकाळी त्याच्या तर्जनीला एवढीशी पट्टी होती आणि कॉलर गळ्याला बरोबर बसत होती. बसमधलं नाव त्याने काढलं नव्हतं, मीही विषय काढला नाही.

रविवारपर्यंत शर्ट सरळ झाला. सोमवारी आम्ही दोन केले.

मंगळवारी पाहणीच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायांत साधे बूट, हातात फाइल. आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "करा सुरू." मी कापलं. नवऱ्याने कॉलर केली, मी खांदे जोडले, त्याने ती गळ्याला बसवली. दिराने बाह्या, मावशीने कफ. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात शर्ट जात होता. शेवटचं बटण मी लावलं. मॅडमनी शर्ट उलटा केला, आतल्या शिवणी पाहिल्या, बाही ताणली, कॉलरची टोकं एकावर एक ठेवली.

"शर्ट चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्ज एकाच्या नावाने आहे. नियमात लिहिलंय, अर्जदाराने वस्तू तयार करून दाखवावी. इथे चार माणसं दिसतायत."

नवरा खाली बघायला लागला. मी नाही.

"मॅडम, आमचा अर्ज तुमच्या कार्यालयात एकाने घेतला, दुसऱ्याने तपासला, तिसऱ्याने सही केली, शिक्का मारायला चौथ्याकडे पाठवलं. तिथे कोणी म्हटलं का, की सगळं एकट्याने करून दाखवा?"

दिराने मागून माझी बाही ओढली. मॅडम हसल्या नाहीत. फाइलीची पानं उलटली. मग कोरा कागद काढला.

"गट म्हणून नवा अर्ज लिहा. चौघांच्या सह्या. मी जे पाहिलं ते त्यावर लिहीन. पण स्पष्ट सांगते, निर्णय समिती घेते, त्याला तीन आठवडे लागतील, आणि मंजूर होईलच असं मी कबूल करणार नाही. तोवर मशिनं इथेच राहतील. मधे एखाद्या दिवशी न कळवता मी येईन. त्या दिवशी चौघांपैकी एक जरी इथे नसला, तर अर्ज बाद."

त्या कागद घेऊन गेल्या. कागदावर चौघांनी सह्या केल्या होत्या खऱ्या, पण बस उद्या सकाळीच निघणार होती. राहायचं तर कारखान्यातली जागा जाणार, आणि तीन आठवड्यांनी समिती नाही म्हणाली तर दोन्ही हातचं गेलं. मावशीला कुठे जायचंच नव्हतं. दीर म्हणाला, "दादा जे करेल ते मी." झालं, म्हणजे सगळं एकाच माणसावर आलं.

बुधवारी सकाळी नवरा उठला, दाढी केली, बॅग दाराशी आणून ठेवली. मी चूल आवरत होते. मी आयुष्यात कोणाची मनधरणी केलेली नाही आणि त्या दिवशीही करणार नव्हते. पण तो बॅग उचलायला वाकला आणि माझ्याने राहवलं नाही.

"एकदाच सांगते," मी म्हणाले. "मला तू इथे हवा आहेस. शर्ट होवोत नाही तर न होवोत. मशिनं नेली तर मी दुरुस्तीचं काम दुप्पट करीन, तू बटणं लाव. पण मला तू हवा आहेस. आता जायचं तर जा."

दहा वर्षांत मी हे एकदाही म्हटलं नव्हतं. तोही कधी म्हणाला नव्हता. तो बॅगेचा पट्टा हातात धरून उभा राहिला आणि मग बॅग घेऊनच बाहेर पडला. मी मागोमाग गेले.

बस उभी होती. मुकादम वही घेऊन पायरीवर हाका मारत होता. "खिसा!" खिसा चढला. "बटण!" बटण चढला. "कॉलर!"

नवरा जागचा हलला नाही.

"कॉलर, चल रे, वेळ झाली."

"मी येत नाही," नवरा म्हणाला. "बाहीही येत नाही."

मुकादमाने भुवया उंचावल्या, पण वाद घातला नाही. वहीतल्या दोन नावांवर काट मारली आणि बसभोवतीच्या गर्दीकडे बघून ओरडला, "कॉलर येते कोणाला?" शेजारच्या गावातला एक माणूस ट्रंक घेऊन आशेने उभाच होता. "मला," तो म्हणाला. मुकादमाने त्याला नीट पाहिलंही नाही. खांद्याला धरून वर चढवला. खिडकीजवळची जागा होती, नवऱ्याची नेहमीची. तो माणूस तिथे बसला, ट्रंक मांडीवर घेतली आणि बस सुरू झाली.

एवढंच. बारा वर्षांची जागा भरायला मुकादमाला वहीचं पान उलटावं लागलं नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते पुसत नव्हता. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. मशिनं राहणार की जाणार, ते तीन आठवड्यांनी कळणार होतं. मी त्याच्या हातातली बॅग घेतली. त्याने ती घेऊ दिली.

"आज कापायचं मला शिकव," तो म्हणाला, आणि आम्ही पोस्टाच्या खोलीकडे चालायला लागलो.